प्लेसमेंट सेल आणि दोन राज्यांचे दाखले : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या एका पदवी महाविद्यालयात काही वर्षं शिकवता शिकवता प्लेसमेंट समितीचंही काम माझ्या गळ्यात पडलं. ते काम सुटलं, पण प्रश्न सुटले नाहीत. खानापूर, निपाणी, चिकोडी, कडोली, येळ्ळूर अशा गावांतून अजून फोन येतात, आणि दर जूनमध्ये तेच प्रश्न नव्या आवाजात येतात. ते इथं एकत्र लिहिलेत, विचारणाऱ्यांच्या भाषेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. प्लेसमेंट सेल म्हणजे नक्की काय? तिथं जाऊन मागायचं तरी काय?

व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या, अभियांत्रिकी कॉलेजांत पूर्णवेळ प्लेसमेंट ऑफिसर असतो, स्वतंत्र खोली असते, कंपन्यांचं वेळापत्रक असतं. साध्या पदवी कॉलेजात बहुतेक वेळा कॉमर्सचे एखादे सर किंवा मॅडम तासांच्या मधल्या वेळेत हेच काम करतात. पद्धत वेगळी, काम एकच: कंपन्यांशी बोलणं, पात्र मुलांची यादी पाठवणं, अ‍ॅप्टिट्यूडची तयारी, सराव मुलाखती, बायोडाटा तपासून देणं, इंटर्नशिपसाठी कॉलेजचं पत्र देणं. यासाठी वेगळे पैसे नसतात, तुमच्या फीमध्येच ते आलेलं आहे.

मागताना नेमकं मागा. "सर, काय जॉब हाय काय?" याला उत्तर नाही. "सर, टॅली येतं, जीएसटीचं रिटर्न भरायला शिकलोय, उद्यमबागेत कुणाला अकाउंट्सला माणूस हवाय का?" असं विचारलं की सर लगेच दोन फोन लावतात. हे मी स्वतः दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

२. सेल नोकरीची हमी देतो का? प्रवेश घेताना तर "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणाले होते.

नाही. तो "शंभर टक्के" आकडा कशाचा आहे ते विचारा: सगळ्या मुलांचा, पात्र मुलांचा, की नाव नोंदवलेल्या मुलांचा? तिन्हींचं गणित वेगळं येतं. सरासरी पॅकेजऐवजी मधला पगार विचारा. एखाद्याला मोठं पॅकेज मिळालं की सरासरी फुगते, मधला आकडा जागेवर राहतो. राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना हा मधला पगार कळवावाच लागतो, त्यामुळं तो आकडा त्यांच्याकडे तयार असतो.

३. मी बी.ए. मराठी करतेय. हे सगळं इंजिनिअरिंगवाल्यांसाठीच नाही का?

हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. सेलच्या दारात गर्दी असते ती ज्यांना घरात सांगणारं कुणीतरी आहे त्यांची. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोचलंय, ती मुलं आत येतच नाहीत.

बी.ए.वाल्यांसाठी कॅम्पसवर कंपन्या कमी येतात हे खरंच. पण बँका, विमा, रुग्णालयांची रिसेप्शन आणि बिलिंगची कामं, शाळा, पतसंस्था, वर्तमानपत्रं, भाषांतर ही कामं कॅम्पसवर न येताही मिळतात, आणि ती कुठं आहेत हे सेलला बऱ्यापैकी माहीत असतं. मराठी, कन्नड, हिंदी आणि कामचलाऊ इंग्रजी अशा चार भाषा येणारी मुलगी पुण्यात सहज सापडत नाही. बेळगावात ती प्रत्येक बसमध्ये असते, म्हणून आपल्याला तिची किंमत कळत नाही. बायोडाटात भाषांची ओळ सगळ्यात खाली, छंदांच्या शेजारी लिहिलेली असते. ती वर आणा.

४. नाव कधी नोंदवायचं? शेवटच्या सेमिस्टरला चालतं ना?

चालतं, पण उशीर झालेला असतो. इंजिनिअरिंगला मोठ्या कंपन्या सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच येतात, म्हणजे तयारी तिसऱ्या वर्षात. पदवीला पाचव्या सेमिस्टरला नाव घाला.

पदवी तीन वर्षांची की चार, हा गोंधळ आपल्याकडे अजून आहे. कर्नाटकात २०२१-२२ ला नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांचा आराखडा आला आणि २०२४-२५ पासून राज्यानं पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. मधल्या तुकड्यांतल्या मुलांनी बायोडाटात "तीन वर्षांची पदवी पूर्ण" असं स्पष्ट लिहावं. नाहीतर बाहेरच्या राज्यातला एचआर समजतो की मुलानं शिक्षण अर्धवट सोडलं.

५. दहावीला ५४ टक्के, पीयूसीला (बारावीला) ५८, डिग्रीला ७१. "साठ टक्के सगळीकडे" या अटीत मी बसत नाही. मग संपलं का?

त्या कंपनीपुरतं संपलं. ही अट कंपनीची असते, सेल ती शिथिल करू शकत नाही, त्यामुळं सरांवर रागावू नका. पण सगळ्या कंपन्यांची अट तीच नसते. काही फक्त पदवीचे गुण बघतात, स्थानिक कारखाने तर बहुतेकदा तेवढंच बघतात. नोंदणीच्या फॉर्ममध्ये खरे आकडे भरा. टक्के वाढवून भरलेल्या मुलाची ऑफर पार्श्वभूमी तपासणीत जाते, आणि कंपनी पुढच्या वर्षी कॉलेजात येताना दहादा विचार करते.

बॅकलॉगचंही तसंच: "चालू बॅकलॉग नको" म्हणजे आज शिल्लक नको, पूर्वी राहून सुटलेला बहुतेक ठिकाणी चालतो. सीजीपीएचे टक्के करताना गुगलवर सापडलेलं सूत्र वापरू नका. विद्यापीठाच्या वेगवेगळ्या स्कीमला वेगवेगळं सूत्र आहे. तुमच्या स्कीमचं परीक्षा विभागातून लिहून घ्या.

६. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजीत मुलाखत म्हटली की तोंडच उघडत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलाखतीचं इंग्रजी म्हणजे भाषण नाही. दहा-बारा प्रश्न ठरलेले असतात: स्वतःबद्दल सांगा, प्रोजेक्टमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत, हेच काम का, गाव सोडून यायची तयारी आहे का, एखादी चूक झाली तेव्हा काय केलंत. यांची उत्तरं आधी मराठीत मोठ्यानं बोलून बघा. मराठीतच सांगता आली नाहीत तर अडचण इंग्रजीची नाही, सांगण्यासारखं अजून सापडलेलं नाही. मराठीत नीट जमली की प्रत्येकाची चार-पाच छोटी इंग्रजी वाक्यं करा. लांब वाक्य मध्येच तुटतं, छोटं तुटत नाही.

मग सेलला सराव मुलाखत मागा. ती ओळखीच्या सरांनी न घेता दुसऱ्या विभागाच्या कुणीतरी घ्यावी, कारण ओळखीच्या माणसासमोर आपण अर्धं वाक्य बोलतो आणि बाकीचं ते समजून घेतात. पहिल्या सराव मुलाखतीत सगळेच अडखळतात. तिसरीपर्यंत ती मुलं पाणी मागून घेऊन निवांत बोलायला लागलेली मी पाहिलीत.

अडकलात तर एका शब्दासाठी गप्प बसू नका. "मला हे हिंदीत सांगायला चालेल का?" असं विचारता येतं. कारखान्यातली, विक्रीची, बँकेतली माणसं बहुतेकदा हो म्हणतात.

७. आणि कन्नड? येत नाही म्हणून बंगळूरला अडचण येईल का?

आयटी कंपनीत मुलाखत इंग्रजीत होते. कारखान्यात, रुग्णालयात, बँकेच्या काउंटरवर कन्नड लागतं. सीमाभागात राहून कन्नड शिकायचं की नाही यावर घराघरात वाद आहेत आणि मी त्यात पडणार नाही. नोकरीच्या बाजूनं मात्र सांगतो की बोलण्यापुरतं कन्नड आलं तर तुमच्यासाठी उघड्या जागा बऱ्याच वाढतात.

सरकारी बाजू अशी: कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत कन्नडचा पेपर पास व्हावा लागतो. बँकेच्या क्लार्क भरतीत ज्या राज्याच्या जागांसाठी अर्ज करता, त्या राज्याची भाषा यावी लागते. इथं आपल्याला एक फायदा आहे. स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीत दहावी किंवा बारावीच्या मार्क्स कार्डावर ती भाषा शिकल्याची नोंद असेल तर वेगळी भाषा चाचणी द्यावी लागत नाही. आपल्या बहुतेक मुलांच्या एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मार्क्स कार्डावर मराठीही असते आणि कन्नडही, त्यामुळं महाराष्ट्राच्या जागा आणि कर्नाटकाच्या जागा हे दोन्ही पर्याय उघडे असतात. अर्ज मात्र एका भरतीत एकाच राज्यासाठी करता येतो. कुठल्या राज्यात जागा जास्त आणि मागच्या वेळी कटऑफ कुठं कमी, ते बघून ठरवा.

८. बायोडाटा किती पानांचा हवा? फोटो लावायचा का? धर्म-जात लिहायची का?

एक पान. फोटो मागितला तरच. धर्म, जात, उंची, रास हे लग्नाच्या बायोडाटात. "मी वरील सर्व माहिती सत्य असल्याचे जाहीर करतो" या ओळीनं कुणाचं काही बिघडत नाही, पण जागा जाते.

९. मुलीला बंगळूर-पुण्याला पाठवायला घरचे तयार नाहीत. इथल्या इथं काय मिळेल?

घरच्यांशी वाद घालायच्या आधी जवळचा नकाशा बघा. उद्यमबाग, मच्छे आणि काकती इथं फाउंड्री आणि मशीनिंगचे कारखाने आहेत. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारा औद्योगिक परिसर आहे. बेळगावच्या बाहेर पडलात की शिनोळी लागते, ती चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात, आणि पुढं हलकर्णीची एमआयडीसी. निपाणीच्या मुलांना कागलची पंचतारांकित एमआयडीसी रोज बसनं जाऊन येण्याइतकी जवळ आहे. गोव्यातल्या कंपन्यांत चोर्ल्यातून जाणारी आपली मुलं कमी नाहीत.

या कारखान्यांना फक्त मशीन चालवणारेच लागत नाहीत. गुणवत्ता तपासणी, स्टोअर्स, खरेदी, अकाउंट्स, एचआर, निर्यातीची कागदपत्रं या टेबलावरच्या कामांत मुली भरपूर आहेत. सेलला सांगून आधी एक दिवस कारखाना बघून या, जमलं तर आई-वडिलांपैकी एकाला घेऊन. कॅन्टीन, बस आणि बायकांचं स्वच्छतागृह डोळ्यांनी बघितलं की घरचा निम्मा विरोध मावळतो.

शिनोळी किंवा कागलला लागलात की पगारातली काही कपात महाराष्ट्राच्या नियमानं होते, त्याचा हिशोब प्रश्न १० मध्ये आहे.

१०. ऑफर लेटरवर ३ लाख ६० हजार आहे, मग महिन्याला तीस हजार का मिळत नाहीत?

कारण तो आकडा कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या खर्चाचा आहे, तुमच्या हातात येणाऱ्या पैशाचा नाही. उदाहरण घेऊ. महिन्याचे ३०,००० धरले आणि मूळ पगार १५,००० ठरला. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,८००, तो याच तीस हजारांत धरलेला. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ७२०, तीही यातच. दहा टक्के रक्कम "कामगिरीनुसार" असेल तर ३,००० दर महिन्याला येत नाहीत, वर्षाच्या शेवटी आले तर येतात. उरले २४,४८०. यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० गेला की हातात २२,६८०.

मग व्यवसाय कर. कर्नाटकात तो महिन्याला २५,००० पासून पुढच्या पगारावर लागतो, म्हणजे या उदाहरणात शून्य. हीच नोकरी शिनोळीत किंवा पुण्यात असती तर पुरुषाचे महिन्याला २०० गेले असते, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ आहे. घर बेळगावात, आधार बेळगावचं, तरी कर कापताना काम कुठल्या राज्यात आहे ते बघतात.

म्हणून ऑफर आली की सेलमध्ये जाऊन एचआरला एकच गोष्ट विचारायला सांगा: पहिल्या महिन्यात बँकेत नेमके किती रुपये जमा होतील? तो आकडा ईमेलवर मागा.

११. दोन वर्षांचा बाँड आहे, मोडला तर दीड लाख. सही करू का?

बाँडमुळं कुणी तुम्हाला जबरदस्तीनं कामावर बसवू शकत नाही. पण "बाँडला कायद्यात किंमत नसते" हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान चुकीचं आहे. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे करार मोडल्याची वाजवी भरपाई मागता येते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर २ लाख भरायची अट वैध ठरवली.

बघायचं असं: कंपनी खरंच प्रशिक्षण देणार आहे का? रक्कम पगाराच्या मानानं किती? सोडायची मुदत जवळ येईल तशी रक्कम कमी होते का? मूळ मार्क्स कार्ड ठेवून घ्यायची अट असेल तर सही करू नका. मूळ कागद कंपनीत, तुम्ही बंगळूरला पेइंग गेस्ट म्हणून खोलीत आणि दुसरी मुलाखत उद्यावर आलेली, अशी अवस्था होते. माझ्या एका विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं परत मिळवायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत त्याच्या दोन संधी गेल्या.

१२. मी दोन वर्षांपूर्वी पास झालो. आता कॉलेजात तोंड दाखवायला लाज वाटते. सेल मदत करेल का?

करेल, आणि त्यात कॉलेजचाही स्वार्थ आहे. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पाचवा निकष विद्यार्थ्यांचा आधार आणि पुढची प्रगती असा आहे. किती मुलं नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली, याचे पुरावे कॉलेजला लागतात. पासआऊट झाल्यावर सेलकडून "ऑफर लेटरची कॉपी पाठव" म्हणून फोन येतो तो यासाठीच. तुम्ही नोकरीला लागलात तर त्यांची आकडेवारी सुधारते, त्यामुळं संकोच नको.

कॅम्पस ड्राइव्हला मात्र बहुतेक कंपन्या चालू वर्षाचीच मुलं घेतात. तुमच्यासाठी उपयोगाचे म्हणजे पूल ड्राइव्ह (अनेक कॉलेजांच्या मुलांची एकत्र भरती), माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप, केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल, कर्नाटकाचं स्किल कनेक्ट पोर्टल आणि जिल्हा रोजगार विनिमय केंद्र. आणि अप्रेंटिसशिप, जी पासआऊट मुलांसाठी सगळ्यात दुर्लक्षित वाट आहे (प्रश्न १३).

१३. अप्रेंटिसशिप म्हणजे आयटीआयवाल्यांचीच ना? पदवीवाल्यांना मिळते का?

मिळते. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, आणि पदवी-पदविकाधारकांसाठी नॅट्स या नावानं वेगळी योजना आहे. मुदत एक वर्ष. विद्यावेतन मिळतं, किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्र सरकार देतं. बी.कॉम., बी.ए. झालेल्यांनाही जागा निघतात. आधी वर्षभराचा नोकरीचा अनुभव असेल तर मात्र बसत नाही, त्यामुळं ही वाट पास झाल्या झाल्या धरायची.

सीमेवरच्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कर्नाटकातल्या आस्थापना चेन्नईच्या दक्षिण विभागाच्या अप्रेंटिस प्रशिक्षण मंडळाखाली येतात, महाराष्ट्र आणि गोव्यातल्या मुंबईच्या पश्चिम विभागाखाली. पोर्टल सगळ्यांचं एकच आहे, त्यामुळं निपाणीच्या मुलानं कागलच्या कारखान्यात अप्रेंटिसशिप करायला काही अडकाठी नाही. नोंदणी करताना फक्त बेळगाव जिल्हा निवडून थांबू नका, कोल्हापूर आणि गोवाही शोधा.

१४. युवा निधीचे पैसे आणि अप्रेंटिसशिप दोन्ही एकदम घेता येतील का?

नाही. युवा निधी ही कर्नाटक सरकारची योजना: पदवीधरांना महिन्याला ३,०००, डिप्लोमावाल्यांना १,५००, जास्तीत जास्त दोन वर्षं. पास झाल्यावर १८० दिवस काम मिळालेलं नसावं लागतं. २०२२-२३ च्या तुकडीपासून ती सुरू झाली आणि अर्ज राज्याच्या सेवा सिंधू पोर्टलवर भरतात. पगार किंवा विद्यावेतन सुरू झालं, किंवा पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेतला, की पात्रता संपते. तसं जाहीर न करता पैसे घेत राहिलात तर वसुली आणि दंड होऊ शकतो. कर्नाटकात सहा वर्षं राहण्या-शिकण्याची अट आहे, त्यामुळं पुण्यात शिकून आलेल्यांनी आधी ती अट वाचावी.

माझं मत विचाराल तर, अप्रेंटिसशिप मिळत असेल तर तीच घ्या. तीन हजारांत बेळगावात बसून राहणं महाग पडतं.

१५. बेळगावात राहून महाराष्ट्र सरकारच्या नोकरीला अर्ज करता येतो का? तिथं डोमिसाइल मागतात.

येतो, एका अटीवर. महाराष्ट्रानं दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांसाठी वेगळी सवलत आहे. त्या गावांत १५ वर्षं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला असेल तर महाराष्ट्राच्या अधिवासाऐवजी तो चालतो. जाहिरातीत ही ओळ असते, पण बहुतेक वेळा बारीक अक्षरात, चौथ्या-पाचव्या पानावर.

तुमचं गाव ८६५ च्या यादीत आहे का ते आधी बघा. शेजारचं गाव असतं आणि तुमचं नसतं, असं होतं. जाहिरात निघाल्यावर धावपळ सुरू केली तर पंधरा दिवसांत दाखला हाती येणं कठीण, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या आतापासून एका फाइलमध्ये लावून ठेवा. पुढच्या शिक्षणासाठीही अशीच वाट आहे: महाराष्ट्र सीईटी सेलच्या अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांची वेगळी नोंद होते. कॉलेजच्या सेलला हे बहुतेक माहीत नसतं, कारण त्यांची नजर बंगळूरकडे असते.

जातीच्या आरक्षणाचा प्रश्न याहून वेगळा आहे, तो खाली.

१६. कर्नाटकचा जातीचा दाखला महाराष्ट्रात चालतो का? आणि उलट?

राज्याच्या नोकऱ्यांत चालत नाही. याद्या तीन आहेत: कर्नाटकाची, महाराष्ट्राची आणि केंद्राची. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३बी प्रवर्गात आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्यानं दिलेलं दहा टक्के आरक्षण हे त्या राज्यापुरतं आहे. बेळगावच्या मुलानं ८६५ गावांच्या सवलतीवर महाराष्ट्रात अर्ज केला तरी खुल्या प्रवर्गातून करावा. बँका, रेल्वे, पोस्ट यांना केंद्राची यादी लागू होते, आणि राज्याच्या यादीत असलेली जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो, नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळालेला राज्याचा दाखला जोडून चालत नाही.

लग्नाचाही प्रश्न येतो. गडहिंग्लजची मुलगी बेळगावला दिली म्हणून तिला कर्नाटकाचं आरक्षण मिळत नाही. आरक्षण जन्माच्या राज्याला धरून राहतं.

बिदरच्या मित्राला मिळणारं घटनेच्या कलम ३७१ (जे) चं आरक्षण आपल्याला का नाही, असंही विचारतात. कारण ते कल्याण कर्नाटकातल्या सात जिल्ह्यांना आहे आणि बेळगाव त्यात नाही.

१७. खासगी कंपन्यांत कन्नडिगांना आरक्षण येणार म्हणतात. आम्ही त्यात "स्थानिक" धरले जाऊ का?

जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं तसं विधेयक मंजूर केलं आणि उद्योगांच्या विरोधानंतर लगेच थांबवलं. त्याच्या मसुद्यात स्थानिक म्हणजे राज्यात जन्मलेला, १५ वर्षं राहिलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा, अशी व्याख्या होती. दहावीला कन्नड विषय असणं किंवा चाचणी पास होणं ही अट होती. एसएसएलसीला कन्नड घेतलेला बेळगावचा मराठी मुलगा त्या व्याख्येत बसला असता. मार्क्स कार्ड जपून ठेवायला हे आणखी एक कारण.

१८. दहावीच्या कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर फक्त अक्षर. तपासणीत अडकेल का?

अडकतं. सीमाभागातला हा अगदी घरचा दुखरा विषय. महाराष्ट्राच्या पद्धतीनं आडनाव, नाव, वडिलांचं नाव. कर्नाटकाच्या कागदांवर बरेचदा नाव आणि पुढं-मागं आद्याक्षरं. मधे कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं. चौगुले हे एकच आडनाव मी एका वर्गात इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं बघितलंय, आणि त्यातले दोघं सख्खे चुलत भाऊ होते. शहराचं नावही १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीत बदललं, त्यामुळं जुन्या आणि नव्या कागदांवर जन्मगाव वेगळं दिसतं. शहराच्या नावावरून सहसा कुणी अडवत नाही, तुमच्या नावावरून अडवतात.

एसएसएलसीचं मार्क्स कार्ड हा पाया धरा आणि आधार, पॅन, बँक खातं त्याच्याशी जुळवून घ्या. पदवी प्रमाणपत्र छापून यायच्या आधीच कॉलेजच्या परीक्षा विभागात नाव तपासा. छापून आल्यावरची दुरुस्ती म्हणजे अर्ज, फी, प्रतिज्ञापत्र आणि विद्यापीठाच्या खेपा. तपासणी सुरू असेल आणि वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र आणि कॉलेजचं पत्र मिळून बहुतेक वेळा निभतं.

१९. घर निपाणीला, डिग्री कोल्हापूरची. मग सेल कुठला?

जिथून पदवी घेताय तिथला. शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात शिकत असाल तर त्याच कॉलेजचा सेल. बेळगावच्या कॉलेजात होणाऱ्या पूल ड्राइव्हला बाहेरची मुलं घेतात की नाही हे त्या ड्राइव्हच्या नोटिशीत असतं. विचारायला लाजू नका. बाहेरच्या दहा मुलांना बसू दिलं तर कॉलेजला तोटा नाही, गर्दी बघून कंपनी खूशच होते.

२०. एक ऑफर आली म्हणून कॉलेज दुसऱ्या कंपनीला बसू देत नाही. आणि पहिलीची जॉइनिंग आठ महिने झाले तरी येत नाही.

एक विद्यार्थी एक ऑफर हा कॉलेजचा अंतर्गत नियम आहे, कायदा नाही. सगळ्यांना संधी मिळावी म्हणून तो ठेवतात आणि त्यात तथ्य आहे. पण जॉइनिंगची तारीख न देता कंपनी लटकवत असेल तर सेलला लेखी अर्ज द्या: ऑफरची तारीख, कंपनीला पाठवलेल्या ईमेलच्या प्रती आणि एकच मागणी, पुढच्या ड्राइव्हला बसू द्यावं. तोंडी विनंतीला "बघू" हे उत्तर मिळतं. लेखी अर्जावर कुणाला तरी सही करावी लागते.

२१. "कन्फर्म जॉब, आधी पंधरा हजार भरा" असा फोन आलाय. कंपनीचं नाव खरं आहे.

नाव खरं असतं, फोन खोटा. ट्रेनिंग किट, लॅपटॉपची अनामत, पार्श्वभूमी तपासणीची फी असं काहीही नाव देऊन आधी पैसे मागितले तर ते फसवणुकीचं समजा. ईमेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलाय का ते बघा आणि सेलला दाखवा, तिथले सर कंपनीच्या खऱ्या एचआरला फोन करून पाच मिनिटांत खात्री करतात. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर खात्यातली रक्कम गोठवता यायची शक्यता असते. लाजेपोटी चार दिवस घरात न सांगता बसलेली मुलं माझ्याकडे आली तेव्हा पैसे तीन खात्यांतून पुढं गेलेले होते.

२२. माझ्या कॉलेजात सेलच्या खोलीला कायम कुलूप असतं. मग?

प्राचार्यांना लेखी विचारा की प्लेसमेंटचं काम कुणाकडं आहे. नॅकच्या कागदांसाठी कुणाचं तरी नाव तिथं लिहिलेलं असतंच. ते सर सापडले की खोलीची गरज नाही, स्टाफरूममध्येही बायोडाटा तपासून मिळतो.